मैदान, मांडव आणि मुदपाकखाना

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी मॅटच्या कडेला काय घडलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ५७ किलो गटात जपानच्या शोहाची इशीशी झालेली लढत बरीच लांबली आणि खाशाबा दमून बाहेर आले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावण्यात आलं. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. तो नियम पंचांपुढे ठेवून हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेयोवला रौप्य.

पैलवानाच्या अंगात जे असायला हवं ते सगळं होतं. उणीव होती ती नियमपुस्तिका पाठ असलेल्या, घड्याळावर नजर ठेवणाऱ्या आणि योग्य टेबलापाशी जाऊन बोलणाऱ्या एका माणसाची. आज कॉलेजात ‘क्रीडा व्यवस्थापन’ नावाचा जो विषय शिकवतात, तो याच माणसाला घडवण्यासाठी.

हेलसिंकीला पोचण्याआधीची गोष्ट तर कोल्हापूरचीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. तिथे ते सहावे आले. १९५२ला निवडीतच अन्याय होतोय असं दिसल्यावर त्यांनी पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, चाचणीची संधी मिळवली आणि प्रतिस्पर्ध्याला चीत केलं. मग प्रश्न आला पैशाचा. गावोगाव वर्गणी गोळा झाली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि आलेली रक्कम प्राचार्यांचं घर सोडवायला दिली.

या हकिगतीत निवड, अपील, निधी, प्रवास, तांत्रिक हरकत आणि शेवटी कर्ज फेडण्यासाठी भरवलेला कार्यक्रम असा सगळा अभ्यासक्रम आहे. त्याला तेव्हा नाव नव्हतं आणि तो करणारी माणसं पगारी नव्हती. २०२४मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला मध्ये ७२ वर्षं गेली. स्वप्नीलच्या वाटेवर राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी होती, रेल्वेची नोकरी होती, प्रशिक्षक होत्या, रायफल आणि काडतुसांचा खर्च भागवणारी व्यवस्था होती. नेमबाजी हा महागडा खेळ आहे. त्यात नुसत्या गुणवत्तेवर कोणी टिकत नाही. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं. त्यांच्याही मागे कोणीतरी अर्ज भरले, परवाने काढले, विमानात शस्त्र न्यायची कागदपत्रं जुळवली. खेळाडूच्या पदकात या कागदांचा वाटा असतो, आणि तो मोजला जावा असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटनमधल्या कित्येक कॉलेजांत खेळ, आदरातिथ्य आणि कार्यक्रम व्यवस्थापन हे तीन विषय एकाच विभागात शिकवतात. आपल्याकडे हे तीन दरवाजे बहुधा वेगळे आहेत. त्यांतला हॉटेलचा दरवाजा सगळ्यांत जुना. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं मुंबईत देशातली पहिली केटरिंग संस्था सुरू झाली. दादरची आजची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ती हीच. देश नुकता अन्नटंचाईतून जात होता आणि असलेलं धान्य, भाज्या, कडधान्यं नीट कशी वापरावीत हा त्यामागचा विचार होता. पुढे हॉटेल मॅनेजमेंटची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. आता तिच्या संस्थांमध्ये बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची पदवी घेता येते आणि त्यातलं एक सत्र हॉटेलात प्रत्यक्ष कामाचं असतं. खेळाच्या बाजूला शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड.ची वाट आहे, प्रशिक्षक व्हायचं असेल तर १९६१पासून चालत आलेली पटियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, आणि व्यवस्थापनाकडे वळायचं असेल तर पुण्या-मुंबईतले अलीकडचे अभ्यासक्रम आहेत. राज्य शासनानं बालेवाडीला आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ काढण्याचा कायदाही केला. इव्हेंटचा दरवाजा मात्र सगळ्यांत सैल आहे. पदवी, पदविका, सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, काहीही मिळतं. त्याबद्दल पुढे बोलू.

कोल्हापुरात १९६२ला शिवाजी विद्यापीठ आलं, नंतर अभिमत आणि खासगी विद्यापीठं आली, हॉटेल मॅनेजमेंटचे वर्ग निघाले. पण हे शहर या तिन्ही गोष्टी कॉलेजच्या कितीतरी आधीपासून करतंय. इथे शिकायला आलेल्या मुलामुलींनी त्या आधी डोळे उघडून पाहाव्यात.

जत्रेतलं कुस्ती मैदानच घ्या. यात्रा कमिटी दोन-तीन महिने आधी बसते. वर्गणीचा अंदाज काढते, मोठ्या इनामांना दाते धरते. मग येतं सगळ्यांत अवघड काम, जोड लावण्याचं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत जाऊन वस्तादांशी बोलायचं, कोण कोणाला तोडीस तोड आहे ते ठरवायचं. वजन, उंची, मागच्या कुस्त्यांचा निकाल, पैलवानाची दुखापत, दोन तालमींमधला जुना राग, हे सगळं वस्तादाच्या डोक्यात असतं. जोड कमी-जास्त लागली तर कुस्ती मिनिटात संपते नाहीतर रेंगाळते, आणि लोक कमिटीच्या नावानं बोलतात.

मैदानावर तांबडी माती. ती चाळतात, तिच्यात हळद, लिंबू, तेल, ताक घालतात, पाणी मारून ओल धरून ठेवतात. माती कोरडी पडली तर कातडी सोलते, घट्ट बसली तर पडणाऱ्याचा खांदा जातो. खेळाच्या मैदानाचा पृष्ठभाग खेळाडूला किती मार देतो, याचं आज वेगळं शास्त्र आहे. माती मळणाऱ्या पैलवानाला त्याचा गाभा तळपायाला कळतो. दुपारी आखाडापूजन होतं, हलगी घुमते आणि पहिल्या कुस्त्या बारक्या पोरांच्या लागतात. त्यांची घरची माणसं, भावकी, शेजारीपाजारी त्यानिमित्तानं मैदानात येऊन बसतात. इनाम वाढत जातं तशी गर्दी वाढते. एक नंबरची कुस्ती दिवस कलताना. निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, आधीची मैदानं सांगत राहतो, मधेच एखाद्या दात्याचं नाव घेतो, हरवलेल्या पोराची घोषणा करतो आणि तरी लोकांचं लक्ष आखाड्यावरून हलू देत नाही. कार्यक्रमाचा चढता क्रम, प्रायोजकाला न्याय, प्रेक्षकाला धरून ठेवणं, हे सगळं इथे उघड्यावर शिकायला मिळतं, तेही फुकट.

एक नंबरची कुस्ती शेवटी ठेवण्यात एक धोकाही आहे. ती निकाली झाली, की हजारो माणसं एकाच वेळी, अंधार पडताना, उठतात. याचा हिशेब बहुतेक गावांत कोणी कागदावर मांडलेला नसतो. कॉलेजचं शिक्षण जिथे खरं उपयोगी पडतं ती जागा ही.

शाहू महाराजांनी हा हिशेब दगडमातीत मांडला होता. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले, वाटेत रोमचं कलोसियम पाहिलं, आणि परतल्यावर खासबागेचं मैदान बांधायला घेतलं. १९१२ला ते पुरं झालं. आखाडा मधोमध आणि बसण्याच्या जागा भोवती उतारावर, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याच्या मुंडाशाची अडचण नको. मागून लोटालोटी होते ती बहुतेक वेळा पुढचं दिसत नाही म्हणून. सगळ्यांना बसल्या जागी दिसलं, की गर्दी आपोआप शांत बसते. लगेच शेजारी पॅलेस थिएटर उभं राहिलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक अशा दोन्ही प्रेक्षकांची सोय एकाच आवारात करण्याची दृष्टी त्या काळात फार थोड्यांना होती.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. कोल्हापुरात त्या रात्री मोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. सुदैवानं आत प्रयोग चालू नव्हता. असता तर किती दारं उघडी होती, पडदे आगीत किती वेळ टिकले असते, किती मिनिटांत सभागृह रिकामं झालं असतं, हे प्रश्न कार्यक्रम व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात पहिल्याच आठवड्यात यायला हवेत. लाकडी रंगमंच, कापडी पडदे, दिव्यांच्या तारा आणि अंधार यांची एकत्र जागा म्हणजे नाट्यगृह. तिथे कार्यक्रम करणाऱ्यानं बाहेर पडायच्या दारापर्यंत स्वतः चालत जाऊन, ते आतून ढकलून बघितलं पाहिजे.

दाराचं गणित अवघड नाही. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी जे मार्गदर्शक पुस्तक वापरतात, त्यात सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला ८२ माणसं जातात असं धरलं आहे, जिन्यावरून ६६. साधारण परिस्थितीत बाहेर पडायला आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये. म्हणजे एक मीटर रुंदीच्या वाटेनं आठ मिनिटांत ६५६ माणसं बाहेर पडतील. वीस हजार माणसांचं मैदान धरलं तर बाहेर पडायच्या सगळ्या वाटांची रुंदी मिळून तीस मीटरहून जास्त लागते. आता आपल्या ओळखीचं कुठलंही मैदान डोळ्यांपुढे आणा, त्याची उघडी असलेली दारं मोजा, दारात लावलेल्या मोटारसायकली आणि भेळेच्या गाड्या वजा करा. कुलूपबंद फाटक वाटेत धरायचं नसतं.

दुसरा आकडा दाटीचा. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असेपर्यंत प्रत्येकजण आपल्या मर्जीनं पाय उचलू शकतो. पाच-सहाच्या पुढे गेलं की अंगाला अंग लागतं, धक्का एकातून दुसऱ्यात जातो आणि कोणाच्याही हातात काही राहत नाही. अशा वेळी माणसं तुडवली जाण्याआधीच उभ्या उभ्या श्वास कोंडून जातात. ‘चेंगराचेंगरी झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा दोष लोकांच्या घाईला देतो. पुढच्यांना मागं सरता येत नाही आणि मागच्यांना पुढे काय झालंय ते कळत नाही, ही खरी अडचण असते. म्हणून गर्दीच्या शेपटाला खबर देणारा माणूस पुढच्या बंदोबस्ताइतकाच महत्त्वाचा.

२५ जानेवारी २००५ला मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास ३०० माणसं गेली. अरुंद चढ, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुतर्फा दुकानं, मग आग. १६ एप्रिल २०२३ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघातानं गेले. तिथे दाटीपेक्षा सावली, पाणी आणि वेळ यांची निवड चुकली. ४ जून २०२५ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारात ११ जण गेले, तेही विजयाच्या जल्लोषासाठी आलेले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४मध्येच गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली आहे. ती इंग्रजीत आहे आणि यात्रा कमिटीच्या सचिवाच्या हातात सहसा पडत नाही. एखाद्या कॉलेजनं तिचं साध्या मराठीत दहा पानी रूप करून जिल्ह्यातल्या प्रत्येक यात्रा कमिटीला दिलं, तर त्या वर्गाचं शिक्षण सार्थकी लागेल.

कोल्हापूर जिल्ह्यात अशी गर्दी वर्षभर असते. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात माखलेल्या सासनकाठ्या आणि लाखोंचा ‘चांगभलं’चा गजर. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग, ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा, दसरा चौकातला शाही दसरा. गणेश विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. या मंडळांच्या कार्यकर्त्यांना परवानग्यांचा फेरा पाठ असतो: पोलिस, महापालिका, महावितरणची तात्पुरती जोडणी, अग्निशमन, ध्वनिक्षेपक. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मात्र आवाजाच्या भिंती लावणाऱ्यांना नुसतं माहीत असून चालत नाही, पाळावं लागतं. विद्यार्थ्यानं इथे आपल्याच मंडळात कटू भूमिका घ्यायची वेळ येते. ती घेता येणं हाही या शिक्षणाचा भाग मानला पाहिजे.

फुटबॉलबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय कोल्हापूरच्या खेळाची गोष्ट पुरी होत नाही. १९४०ला स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे के.एस.ए., शाहू स्टेडियमवर लीग भरवते. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथे संघांची आहेत आणि पेठांच्या अस्मितेचीही. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केलेत, असं दुसरं शहर शोधून सापडायचं नाही. २०१७ला सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तालमींनी परदेशी खेळाडूही आणले. सामना बघायला म्हातारी माणसं येतात, घरच्या बायका येतात. पण समर्थकांमधली हाणामारी, मैदानात फेकलेल्या बाटल्या, थांबवलेले सामने यांचा डाग या खेळावर आहे, आणि ज्यांचं फुटबॉलवर प्रेम आहे त्यांना तो जिव्हारी लागतो. दोन संघांच्या समर्थकांना वेगळी दारं आणि वेगळ्या बाजू देणं, सामन्यानंतर एका बाजूला पंधरा मिनिटं थांबवणं, तालमीतल्याच मान्यवर माणसांना जाकीट घालून स्वयंसेवक म्हणून उभं करणं, हे उपाय जगभर वापरले गेलेत. पोलिसाच्या काठीपेक्षा पेठेतल्या दादाचा शब्द लवकर ऐकला जातो. फक्त त्या दादाला आधी शिकवलेलं आणि जबाबदार धरलेलं असावं लागतं.

आता मुदपाकखान्याकडे. हॉटेल मॅनेजमेंटमध्ये चार मुख्य विभाग शिकवतात: स्वयंपाक, वाढप, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा. पहिल्या वर्षाला फ्रेंच सॉसची नावं येतात आणि भुदरगड-चंदगडच्या मुलाला घाम फुटतो. त्याला सांगावंसं वाटतं, की तू घरी जे पाहिलंस ते यापेक्षा सोपं नाही. पांढरा रस्सा घ्या. मटण हळद, आलं-लसूण घालून शिजवलं की जे अळणी पाणी निघतं, तो त्याचा पाया. त्यात खसखस, काजू, तीळ यांचं वाटण, खडा मसाला आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर आच मंद करायची आणि हलवत राहायचं. खदखदून उकळी आली की नारळाच्या दुधातली प्रथिनं आकसतात, स्निग्धांश सुटा होतो आणि रस्सा फुटतो. वाटणातली खसखस आणि काजू त्या स्निग्धांशाला धरून ठेवायला मदत करतात, म्हणून ते आधी पडतात. अंड्यावर उभा राहणारा हॉलंडेझ सॉस फुटतो त्यामागेही आचेचीच चूक असते. कोल्हापूरच्या बायका हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हातानं सांभाळत आल्या.

घरी दहा माणसांचा रस्सा आणि लग्नात हजार माणसांचा यात मात्र फरक पडतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जंतू झपाट्यानं वाढतात. मोठ्या डेगीतला रस्सा वरून निवला तरी मधोमध तासन्‌तास कोमट राहतो. रात्री केलेला सकाळी तसाच वाढला, की विषबाधेची बातमी येते. उपाय साधा आहे: उरलेलं लगेच उथळ भांड्यांत ओतायचं, पटकन गार करायचं, आणि वाढायच्या आधी पुन्हा नीट उकळायचं. लग्नसराईतल्या आचाऱ्यांना कोणी हे बसून समजावलं तर ते ऐकतात. त्यांच्या नावाचा प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, एका मटण थाळीला कच्च्या मालाचा खर्च १२० रुपये येतो. या धंद्यात विक्रीच्या तीस ते पस्तीस टक्के खर्च मालावर होणं ठीक मानतात. म्हणजे थाळी साधारण ३४५ ते ४०० रुपयांच्या दरम्यान बसते. उरलेल्यातून भाडं, गॅस, पगार, कर आणि नफा. आपल्याकडे कितीतरी चवदार खानावळी बुडाल्या त्या वाढत्या मटणाच्या भावाबरोबर वाटीचं माप ठरवलं नाही म्हणून. तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढणं ही कोल्हापूरची रीत आहे आणि ती मोडू नये. पण पाहुणा सरासरी किती वाट्या घेतो ते मोजून दर ठरवावा.

आदरातिथ्य म्हटलं की आपण चवीवर येऊन थांबतो. कोल्हापुरात या शब्दाला याहून मोठा अर्थ मिळाला आहे. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना नोकरीच्या पलीकडे नेलं आणि चहाचं हॉटेल काढून दिलं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यायला कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. याच राजानं १९०१पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. परगावच्या मुलाला राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं की तो शिकतो, हे ओळखून. हॉटेलच्या अभ्यासक्रमात कॉनरॅड हिल्टनचं चरित्र सांगतात, ते जरूर सांगावं. गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल मात्र कोल्हापूरच्या वर्गात पहिल्या तासाला यावं. कोणाला आत घ्यायचं, कोणत्या कपात चहा द्यायचा, हा प्रश्न आदरातिथ्याच्या मुळाशी आहे, आणि तो अजून सगळीकडे सुटलेला नाही.

‘एवढी फी भरून पोरगं वाढपीच हुणार व्हय?’ असं पालक विचारतात. सरळ उत्तर द्यायला हवं. सुरुवात खालूनच होते. पहिली दोन-तीन वर्षं पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागतं, सणाला सुट्टी मिळत नाही, रात्रपाळी असते, पगार बेताचा असतो. मुलीच्या घरच्यांनी रात्रीच्या प्रवासाची सोय कशी आहे ते कॉलेजला आणि हॉटेललाही विचारावं. पुढे मात्र वाटा फुटतात: हॉटेल, रुग्णालयातली जेवणव्यवस्था, विमानतळ, क्रूझ, क्रीडासंकुलं, संघांचे व्यवस्थापक, लग्नसोहळे, परिषदा. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांतले पक्षकार आणि वकील आता इथे मुक्कामाला येतात. त्यांना स्वच्छ खोली, वेळेवर नाष्टा आणि कागद छापून मिळण्याची सोय हवी असते. पन्हाळा आणि जोतिबाला येणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या. गावातच धंदा वाढतोय, तो ओळखणारा पाहिजे.

इव्हेंटच्या सैल दरवाजाबद्दल म्हटलं होतं. प्रवेश घेण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि त्या विद्यापीठाला मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः बघावं; माहितीपत्रकातल्या रंगीत फोटोंवर विसंबू नये. मागच्या तीन तुकड्यांतली मुलं आज कुठे काम करतात, ते नावानिशी विचारावं आणि त्यांच्यापैकी दोघातिघांना फोन लावावा. प्रत्यक्ष कामाचं सत्र कुठे होतं, त्यात काय शिकवतात, विद्यावेतन मिळतं का, हेही. नुसतं लग्नाच्या मांडवात खुर्च्या मांडायला नेणारं शिक्षण महाग पडतं. चांगल्या ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातात कार्यक्रमाचं मिनिटवार पत्रक असतं, अंदाजपत्रक असतं, कंत्राट वाचायला दिलेलं असतं, आणि कार्यक्रम संपल्यावर काय चुकलं याची बैठक असते. ही बैठक आपल्या मंडळांत होत नाही. झालीच तर वर्गणीच्या हिशेबावर भांडण होऊन संपते.

कोल्हापूरच्या कॉलेजांना एक सुचवावंसं वाटतं. शाहू स्टेडियमचा फुटबॉल हंगाम पुढ्यात आहे. एका वर्गानं के.एस.ए. आणि पोलिसांच्या परवानगीनं एक दार हंगामभर सांभाळायला घ्यावं. मिनिटाला किती माणसं आत येतात, सामना सुटल्यावर किती वेळात दार मोकळं होतं, गाड्या कुठे अडतात, पाण्याची टाकी कितव्या मिनिटाला रिकामी होते, बायका आणि लहान मुलं कोणत्या बाजूला बसणं पसंत करतात, पहिली भांडणं कुठे आणि कशावरून लागतात, हे सगळं वहीत उतरवावं. खेळ शिकणाऱ्यांनी मैदानाची आणि खेळाडूंची बाजू धरावी, हॉटेलच्या मुलांनी पाणी, चहा, खाणं आणि स्वच्छतागृहांची, इव्हेंटच्या मुलांनी दारं आणि घोषणांची. हंगाम संपला की नकाशासह ती वही असोसिएशनच्या आणि पोलिसांच्या हवाली करावी, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीनं तिथून पुढे मोजायला सुरुवात करावी.